वाख माझा

पिंगळी स्टेशनाच्या अलीकडं आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिली फरशी साच्यातून सुटली, तेव्हा चुलत दिरानं आणि मी तिच्यावर आळीपाळीनं उभं राहून बघितलं होतं. दुधाच्या पिशव्या आणि खताची रिकामी पोती वितळवायची, त्यात अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचा धागा, घालायचा अन् दाबायचं. प्लास्टिक आणि यंत्र त्याचं, वाख माझा. अंबाडी पाण्यात कुजवून धागा सोडवायला मी माहेरी शिकले. तो वास अंगाला असा चिकटतो की घरातली माणसं जेवताना माझ्याशेजारी बसेनात. नुसत्या प्लास्टिकची फरशी तडकायची. बाजेच्या सुंभासारखा धागा उभा-आडवा अंथरायचं मला सुचलं, तेव्हा ती तडकायची थांबली. कारखाना दोघांचा आहे, असं दीर सगळ्यांना सांगायचा आणि मी खुळी फुगायची.

परभणीच्या प्रदर्शनात एका साहेबांनी फरशी जमिनीवर आपटली. तुटली नाही. आतला धागा असा अंथरायचं कुणाला सुचलं, त्यांनी विचारलं. मी पदर सावरून पुढं झाले.

"मलाच सुचलं साहेब," दीर म्हणाला. "ही बाई आमच्याकडं कामाला हाय."

लग्न होऊन आले त्या दिवसापासून तो मला वैनी म्हणतो. त्या दिवशी बाई म्हणाला. फोटो काढताना मला जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि मी झालेसुद्धा. चारचौघांत घरची अब्रू जाऊ नये म्हणून गप्प बसले, असं मी नंतर स्वतःला समजावलं. खोटं आहे ते. मला शब्दच फुटला नाही. असा विश्वासघात परक्यानं केला असता तर मी त्याची सालटी काढली असती.

तिसऱ्या दिवशी तो घरी आला. मोठं काम मिळालं होतं, अंबाडी भिजवायला माणसं लावणार होता. ती पाण्यातून कधी काढायची, तेवढंच त्याला ठाऊक नव्हतं. लवकर काढली तर साल सुटत नाही, उशीर झाला तर धागा सडतो. मरेपर्यंत सांगायचं नाही, असं मी ठरवूनच बसले होते.

"वैनी," तो दारातच टेकत म्हणाला, "अंबाडी झाली हे कसं वळखायचं वो?"

"नखानं साल वढून बघा, भावजी. बुडापासून शेंड्यापत्तर न तुटता आली की काढा."

वर चहाही केला.