अनोळखी हीलर
मालगाडीचा भोंगा ऐकला की मला चिखलीच्या घरातली एक दुपार आठवते. तेव्हा मी मोबाइलवर पाच-पाच जणांच्या लढाईचा गेम खेळायचो. मला फक्त पुढे घुसून मारणारा हिरो जमायचा. जखमींना बरं करणारा हीलर व्हायला कोणीच तयार नसायचं. गेम दरवेळी नवे अनोळखी गडी जोडून द्यायचा, पण त्या आठवड्यात एक हीलर रोज दुपारी मला आपणहून बोलावणं पाठवू लागला. त्याला धड खेळता येत नव्हतं, तरी बाकी तिघांना मरू देऊन तो माझ्याच मागे फिरायचा. "हॅकर असन बे, तुहा आयडी उडवते," मित्र म्हणाला. आईनंही नुकतंच माझं गेममधलं नाव उगाच विचारून घेतलं होतं, तेही मला खटकत होतं. शेवटी मी माईक चालू करून दरडावलं, "कोन हायेस बे तू?" आधी पलीकडून मालगाडीचा लांबलचक भोंगा आला. चिखलीत रेल्वे नाही. मग आवाज आला, "मांगं सरक ना येडपटा, मरशीन!" स्वतःच्या मनानं लग्न करून रेल्वेलाइनीवरच्या नांदुऱ्याला गेलेली माझी ताई होती ती, बाबा घरात तिचं नाव काढू देत नव्हते. "कोनासंग बोलून राह्यला रे?" बाबांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं. गहू निवडणाऱ्या आईचा हात थांबला. "अनोळखी हाये कोनीतरी," मी म्हणालो. बाबांना मी अजूनही तेच सांगतो. फक्त आता ती पुढे घुसते आणि हीलर मी असतो.