साहेबांचं दही

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत हगवणीच्या जंतूंवर संशोधन करत होते. संशोधन म्हणजे, आमचे साहेब करू देतील तेवढं. थंडीत साहेबांच्या घरी दही लागत नसे, म्हणून विरजलेलं पातेलं ते आमच्या इनक्युबेटरमध्ये आणून ठेवत. सदतीस अंशांवर, जंतूंच्या शेजारी. सरकारनं ते यंत्र त्यासाठीच दिलंय, असा त्यांचा समज असावा.

एका डिसेंबरात धरमपेठेतल्या वसतिगृहाच्या मुली जेवणानंतर आजारी पडल्या. वॉर्डनबाईंनी भांडी घासणाऱ्या मावशीला कामावरून थांबवलं आणि फक्त तिच्याच शौचाचा नमुना पाठवला. मावशीच्या घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली. बाईंना तेवढा पुरावा पुरला. स्वयंपाकी महाराजांचाही नमुना द्या, असं मी कळवलं, तर उत्तर आलं की महाराज सोवळ्यात रांधतात. जंतू जसे काही सोवळं बघून दारातूनच माघारी फिरतात.

मावशीचा नमुना मी काचेच्या बशांत लावला. सकाळी बघते तर बशा बाहेर टेबलावर गारठलेल्या आणि आत पातेलं. साहेबांकडे पाहुणे यायचे होते. असल्या दीडशहाण्याच्या हाताखाली मी दोन वर्षं काढली, याचा मला अजून राग येतो. त्या बशा वाया गेल्या, मावशीला दुसरा नमुना मागावा लागला. ती सीताबर्डीहून पायी आली, पदराखाली डबी लपवून. साहेब तेव्हा आतल्या खोलीत चहा घेत होते.

या वेळी मी इनक्युबेटरला कुलूप घातलं आणि किल्ली सापडत नाही असं साहेबांना सांगितलं. मावशीच्या नमुन्यात जंतू नव्हते. अहवाल मी तिच्याच हाती दिला. चार दिवसांनी ती परत आली. वॉर्डनबाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि मुलींना आता तुझी किळस येते, असं तिला सांगितलं होतं.

"बाई, माया तपासणीत काई नाही निंगालं ना?" तिनं विचारलं. "मंग मले काहून काढलं?"

मी तिला पाणी दिलं.

जानेवारीत त्याच मुली पुन्हा आजारी पडल्या. मावशी नव्हती, महाराज होते. आता तरी त्यांचा नमुना येईल, असं मला वाटलं. डबी आली. ती घेऊन भांडी घासणारी नवी बाई दारात उभी होती, आणि डबीवर नाव तिचंच होतं.

साहेबांनी सोबत आलेली वॉर्डनबाईंची चिठ्ठी वाचली, लवकर उरका म्हणाले, आणि पातेल्यापुरती जागा करायला सांगितली.

मी जागा केली.