मॉरिशसला, पण रजेवर नाही

दळवीसाहेबांनी पत्र फार मनापासून लिहिलं होतं, आणि त्या पत्रानेच फाइल अडली होती.

मी व्हिसाची कामं करते. ऑफिस ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या समोरच्या गल्लीत. त्या दुपारी समोर शर्मिला राऊत बसली होती. वय चाळिशीच्या थोडं पुढे, लग्न केलेलं नाही, डोंबिवलीत कोपरला आईबरोबर राहते. मानपाड्याच्या एका पंपाच्या कारखान्यात ती सीनियर डिझाइन इंजिनियर. दळवीसाहेब त्या कारखान्याचे मालक. गेली काही वर्षं शर्मिला घरूनच ड्रॉइंग करते आणि आठवड्यातून एकदा कारखान्यात जाते. तिला वर्षभर मॉरिशसला राहून हेच काम करायचं होतं.

असा व्हिसा मिळतो. नोकरी इथली, पगार इथला, फक्त टेबल तिकडे. तिकडे नोकरी करायची नाही, आणि इथलं काम तिथून होणार आहे हे कंपनीने लिहून द्यायचं. पत्राचा मसुदा मी दिला होता. साहेबांनी तो बाजूला ठेवला, स्वतःचं पत्र केलं आणि कंपनीच्या ईमेलवरून परस्पर पाठवून दिलं.

आता तिकडून उत्तर आलं होतं.

"ते विचारतायत," मी शर्मिलाला म्हटलं, "तुझी कंपनी म्हणते तू वर्षभर भरपगारी रजेवर आहेस. मग तिथे बसून काम कसलं करणार? आठवड्याभरात खुलासा नाही गेला तर अर्ज बंद."

आपल्याकडे बहुतेक कंपन्यांत एनओसीचा, म्हणजे ना हरकत पत्राचा, एक तयार मसुदा पडलेला असतो. अमुक यांना रजा मंजूर आहे, परत आल्यावर त्या कामावर रुजू होतील. टूरिस्ट व्हिसाला हे पत्र उत्तम. माणूस फिरेल आणि परत येईल, एवढंच त्यांना बघायचं असतं. इथे नेमकं उलटं हवं होतं. साहेबांनी तर वर स्वतःची भर घातली होती : "या काळात कु. राऊत यांच्यावर कामाचा कोणताही भार टाकला जाणार नाही."

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल," मी म्हटलं.

"पुढच्या वर्षी नाही जमणार, मॅडम." तिचा भाऊ पुण्याला असतो. यंदा त्याची वर्षभरासाठी मुंबईला बदली झाली होती. तो, बायको, मुलगी, सगळे कोपरच्या घरी राहायला आले होते. ते परत गेले की आईजवळ पुन्हा ही एकटीच. "हे एकच वर्ष आहे माझ्याकडे."

"इतकंच आहे तर पंधरा दिवस फिरून ये ना. महिनाभर जा."

"आईपण हेच म्हणते. मला फिरायचं नाहीये हो. राहायचंय."

मग ती सांगायला लागली. दक्षिणेकडचं लहानसं गाव. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. मागे उसाचं शेत, पुढे समुद्र. समुद्र उथळ, तळ दिसेल असा, कारण लाटा लांब खडकांवरच फुटतात. किनाऱ्याला फक्त त्यांचा आवाज येतो, तोही थोडा उशिराच. खिडकीशी टेबल. सोमवारी एखादं ड्रॉइंग संपवायचं, मंगळवारी बाजारातून भाजी आणायची. "आणि एखाद्या दिवशी दुकानदाराने विचारलं पाहिजे, काल दिसली नाहीस?"

झोपेतून नुकतंच उठलेलं माणूस बोलतं, तशी ती बोलत होती. बाहेर डेपोत कुणीतरी गुहागरच्या गाडीच्या नावाने ओरडत होतं आणि मला तो आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला. मी अशी ऐकत बसत नाही. बाहेर पुढचे लोक थांबलेले असतात. पण माझ्याकडे येणाऱ्यांच्या बोलण्यात ठिकाणांची नावं असतात. हिच्या बोलण्यात टेबल होतं.

"उद्या मानपाड्याला जाऊ," मी म्हटलं. "मीही येते."

साहेब सत्तरीचे आहेत. त्यांच्या केबिनच्या काचेतून खाली टेस्टिंगची टाकी दिसते. तयार झालेला पंप तिथे चालवून बघतात. टाकीतलं पाणी उचललं जातं, पाइपातून फिरतं आणि पुन्हा टाकीतच पडतं. त्या दुपारी वरून ऊन येत होतं आणि पाण्याच्या उजळ रेषा केबिनच्या छतावर हलत होत्या.

"या मॅडम. झालं का हिचं काम?"

"अडलंय. तुमच्या पत्रामुळे."

"माझ्या? अहो, भरपगारी रजा दिली! सख्ख्या पुतण्याला नाही दिली मी एवढी."

"तेच ना. तिला रजा नकोय."

साहेब शर्मिलाकडे वळले. "अगं, मॉरिशसला लोक हनिमूनला जातात. तू एकटी जाऊन पंपाची ड्रॉइंगं काढणार? लोक म्हणतील, दळवीने पोरीला तिथेपण सोडलं नाही."

"म्हणू देत, सर."

अकाउंट्सचे पेडणेकर सही घ्यायला आत आले होते. ते दारातच रेंगाळले. "राऊत मॅडम, तिकडे कोणी आहे का? असेल तर सांगा की. पेढे आपल्याकडून."

"आहे ना. लाकडी टेबल आहे."

"पेडणेकर, जा तुम्ही," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "आणि सकाळची मीटिंग?"

"तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. इथे साडेनऊ, तेव्हा तिथे आठ."

"म्हणजे हिला लवकर उठावं लागणार."

"मी आत्ताही लवकरच उठते, सर. आई नोकरीला होती तेव्हा तिचा डबा असायचा, ती सवय आहे."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नंतरचं बोलणं माझ्यासाठी नव्हतं, पण मी तिथेच होते.

"शर्मिला, रजेवर गेलेलं माणूस परत येतं. कारण रजा संपते. काम घेऊन गेलीस तर संपणार काय?"

"वर्ष संपेल."

"तसं सगळेच म्हणतात."

"रजेवर पाठवलंत तर तिथे मी पाहुणी, सर. पंधरा दिवसांत कंटाळून परत येईन."

"मग बरंच आहे की!"

साहेब हसले. शर्मिला हसली नाही. "मला एकदा दुसरीकडे राहून बघायचंय. बस. इथे काही वाईट आहे म्हणून नाही."

आता माझी वेळ होती. "साहेब, मी समजूत घालायला आलेले नाही. आहे ते पत्र तसंच राहू द्या, अर्ज आपोआप बंद होईल आणि ही इथेच राहील. पण तेच हवं असेल तर तिला तोंडावर सांगा. रजेच्या आडून नको."

खाली कुणीतरी पंप बंद केला. छतावरच्या रेषा हळूहळू मंदावल्या आणि एका जागी थांबल्या. साहेब वर बघत होते.

मग त्यांनी पेडणेकरांना हाक मारली. ते दारामागेच होते.

"लिहा. कु. शर्मिला राऊत आमच्या पूर्णवेळ सेवेत आहेत. त्या वर्षभर मॉरिशसहून रोजचं काम करतील. कंपनीची याला संमती आहे." ते थांबले. "आधीच्या पत्राचं काय, मॅडम? चुकून गेलं म्हणायचं?"

"चुकून गेलं नव्हतं. रजा रद्द करण्यात येत आहे, असं सरळ लिहा."

"पन्नास वर्षांत पहिल्यांदा," साहेब सही करताना म्हणाले, "रजा रद्द केली आणि माणूस खूश झालं."

खुलासा त्याच दिवशी गेला. पुढे तिकडून कसलाही प्रश्न आला नाही. व्हिसा मंजूर झाल्याचा ईमेल आला, तेव्हा शर्मिलाने फोनवर तो मला दोनदा वाचायला लावला. शेवटी तिच्या आईने फोन घेतला आणि तिथे लोणचं नेता येतं का, ते विचारलं.

ती गेल्यावर काही दिवसांनी साहेबांचा फोन आला.

"ड्रॉइंगं वेळेवर येतायत. तक्रार नाही."

"मग?"

"सहज विचारतो. हा व्हिसा मालकाला मिळतो का?"

"मिळतो. पण तुमचं काम तिथून होतं, हे दाखवावं लागेल."

"माझं काम म्हणजे दिवसभर शॉप फ्लोअरवर फिरायचं आणि लोकांना ओरडायचं."

"ते तिथून होणार नाही. तुम्ही टूरिस्टवर जा."

फोनवर त्यांच्या मागे मशीनचा आवाज येत होता.

"टूरिस्ट नको," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगते. बघायला जायचं असेल तर रजेचं पत्र आणा. राहायला जायचं असेल तर कामाचं आणा. आणि पत्र पाठवायच्या आधी मला दाखवा, मालक कितीही चांगला असला तरी.