महादेवाच्या उंबऱ्याखालचं पानी

आमच्या कडूबासारखा वांगेवाला साऱ्या शेगाव पट्ट्यात झाला नाही, अन होनारही नाही. महाराष्ट्र नवा नवा झाला होता तवाची गोष्ट. आमचं गाव पूर्नेकाठचं, खारपानी. विहिरीचं पानी तोंडात घेतलं का मानूस आधी थुंके अन मंग बोले. तरी नुसत्या पावसाच्या ओलीवर कडूबा असे वांगे पिकवे का खामगावच्या बाजारात बाया दुसऱ्याच्या पाटीकडं पाहत नव्हत्या.

पन अशा गावाले पोरगी कोन देते? जानेफळचे रंगराव आपल्या शालूसाठी कडूबाले पाहायले आले. पाहुन्यापुढं पान्याचा लोटा ठेवला. त्यायनं एक घोट घेतला, गालात धरला, बाहेर जाऊन आले.

"पोरगा सोन्यासारखा हाय," रंगराव म्हनले. "पानी गोड झालं का निरोप धाडा."

कडूबानं शालूले मेहकरच्या जत्रेत पाह्यलं होतं. तिनं त्याच्याकडं पाह्यलं नव्हतं. कडूबाले तेवढं पुरलं होतं.

खामगावच्या बाजारात मोतीराम मास्तर नावाचे एक ख्रिस्ती गिऱ्हाईक येत. वांगे निवडता निवडता देवाच्या गोष्टी सांगत. त्या दिवशी म्हनले, "यहुदी लोकायचं मंदिर पडलं, गाव सुटलं, परमुलखात कैदेत पडले. तवा त्यायच्यातल्या एकाले दर्शन झालं. नवं मंदिर, अन त्याच्या उंबऱ्याखालून पानी निंघून राह्यलं. आधी घोट्याले, मंग गुडघ्याले, मंग कमरेले, मंग पोहायले. ते खाऱ्या समुद्रात गेलं अन समुद्र गोड झाला."

कडूबाच्या हातचं तागडं थांबलं. "कोन्या अंगाले निंघालं?"

"उगवतीले. पन कडूबा, ते दर्शन हाय. देवानं वचन देल्लं का तुमचं मोडलेलं सारं पुन्हा उभं राहीन."

"वचन असू द्या. उगवतीलेच ना?"

आमच्या गावच्या महादेवाचं तोंड उगवतीलेच. दुसऱ्या दिवशी कडूबा टिकास घेऊन पायरीपुढं हजर.

सहदेव गुरव धावत आला. "काऊन बे कडू, देवाच्या दारात खंदून राह्यला? पिंड कलंडली म्हनजे?"

"कलंडली त मी धरतो. तुम्ही घंटा वाजवा."

पुरुषभर खोल गेल्यावर पानी लागलं. बरोबर घोट्याले. सहदेवानं ओंजळीनं चाखलं, अन महादेवाकडं पाठ करून थुंकला.

कडूबा शिशीत ते पानी भरून बाजारात गेला. मास्तरनं चाखलं. हासले नाहीत. "कडूबा, पुढचंही हाय त्या दर्शनात. डबकी अन दलदली गोड झाल्या नाहीत. त्या मिठासाठी राखून ठेवल्या."

"हे पह्यले काऊन नाही सांगितलं?"

"लोकायले गोड पान्यापोतर आयकू येते, बापा."

"अन ज्याले दिसलं, त्यानं पेलं का ते पानी?"

"नाही. तो कैदेतच मेला."

कडूबानं त्या दिवशी वांगे मोजून देल्ले, वरती एकही टाकलं नाही.

खड्डा बुजवायचा राहून गेला. श्रावनात देवळाच्या छपराचं पानी पायरीवरून उतरून त्यात साचलं. खाऱ्या पान्यावर वरच्या वर गोडं पानी ठरलं. खाऱ्या पान्यात डाळ शिजत नाही, म्हनून बाया तिथून डाळीपुरतं पानी नेऊ लागल्या. सहदेव सांगत फिरे का जागा त्यानंच दाखवली होती.

कडूबानं डबा भरला अन जानेफळ गाठलं. रंगरावनं लोटाभर पेलं. "गोड झालं म्हना!"

कडूबाले फक्त हाव म्हनायचं होतं. दाराआड बांगड्या वाजून राह्यल्या होत्या.

"वरचं गोड हाय," तो म्हनला. "खालचं खारंच हाय. दिवाळीनंतर सारं खारं होते. डबकं हाय ते."

रंगरावनं लोटा खाली ठेवला. "मंग दिवाळीनंतर डाळ शिजते का?"

"नाही शिजत."

दाराआडून शालू बोलली, "मंग काय खाता?"

"वांगे."

आतमंदी कोनीतरी फिसकन हासलं. रंगरावनं दाराकडं पाह्यलं, मंग कडूबाकडं. "खारं हाय ते खारं सांगनारा जवाई या मुलखात भेटत नाही," ते म्हनले अन उरलेलं पानी पिऊन टाकलं.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं. तवापोतर पानी खारं झालं होतं. मोतीराम मास्तर जेवायले आले, त्यायनं पयला घोट बिनतक्रार गिळला. खड्डा अजून हाय. दर श्रावनात घोट्याएवढं गोड.