वराची दाढी

चोविसाव्या वर्षीही माझ्या गालावर दाढी नव्हती. हनुवटीवर पाच-सात केस आणि ओठावर नुसती लव. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मुळशीतल्या एका हायस्कुलात मी शास्त्र शिकवत होतो, आणि जवळच्या रिहे गावातल्या मुलीशी माझं लग्न ठरलं होतं.

आमच्याकडे हळदीआधी नवरदेवाला पाटावर बसवून गावचा न्हावी सगळ्यांदेखत त्याची दाढी करतो. मामा, चुलते, पाहुणे भोवती उभे असतात. मला त्या पाटाची भीती बसली. वस्तऱ्याला काही लागलंच नाही तर? कुणीतरी हसेल, गोष्ट रिह्याला पोचेल आणि लग्न मोडेल. 'मास्तर पुरुष हाय का न्हाई', एवढी कुजबूज पुरेशी होती.

भीती वाटली की पुस्तक शोधायचं, ही माझी जुनी खोड. एसटीनं पुण्याला गेलो आणि ग्रंथालयात उत्क्रांतीवरचा एक जाडजूड ग्रंथ काढून बसलो. त्यात पुरुषाच्या दाढीची दोन कारणं दिली होती. लाखो वर्षं माद्यांनी दाढीवाले नर पसंत केले असावेत, हे एक. दुसरं, दाढीमुळे जबडा थोराड दिसतो आणि बाकीचे नर बिचकतात. लिहिणाऱ्याची स्वतःची खात्री नव्हती, पण माझी झाली. मी दोन्ही पेपरांत नापास होतो. वर्गात मोराचा पिसारा रुबाबात शिकवणाऱ्या मला त्या खुर्चीत दरदरून घाम फुटला.

मग रोज सकाळी कोऱ्या गालावर ब्लेड फिरवू लागलो. घासलं की केस येतात, असं सगळेच म्हणायचे. केस काही आले नाहीत, ओरखडे मात्र आले.

हळदीच्या दिवशी पाटावर बसलो. न्हाव्यानं हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला. ओरखडे पाहिले, मग माझ्या डोळ्यांत पाहिलं. त्यानं भरपूर फेस केला, दोन्ही गाल कानापर्यंत पांढरे केले आणि वस्तरा सावकाश फिरवत मोठ्यांदा म्हणाला, "मास्तरांची दाढी लई राठ हाय. परत धार लावाया लागतीया."

आणि खरंच चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासू लागला. मामा खूश झाला. मला रडू आवरेना.

लग्नानंतर आठवड्याभरानं, बायको तांदूळ निवडत होती तेव्हा, धीर करून विचारलं, "मला दाढी नाही. बघायला आलो तेव्हा तुला नको म्हणावंसं नाही वाटलं?"

तिचा हात थांबला. "म्या कुटं बघितलं तुमास्नी? मान खाली घालून बसले हुते. आन् नको म्हनायचं का, हे कुनी इचारलंच न्हाई." मग हळूच म्हणाली, "चार महिनं झोप नव्हती मला. आंतरपाट सरंस्तवर भ्या वाटत हुतं, पल्याड कसला मानूस असंल."

चार महिने मी तिच्या पसंतीला भीत होतो. ती मला भीत असेल, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.