लाल ठिपके कडेलाच होते

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा बेंबळीच्या आमच्या भट्टीवर दूध आटत होतं. ह्यांनी एका हातानं फोन धरला, दुसऱ्या हातातलं उलथनं चालूच होतं. हात थांबला की खवा करपतो. मी घाईनं जाळ ओढला. तेव्हा म्हणाले, "शैली गेली गं..." माझी ही नणंद धाराशिवच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. तिनं मला जाच कधीच केला नाही, पण तिचा धाक होता. तिच्यापुढं खोटं बोलायची सोय नव्हती.

मागं एका दिवाळीत व्यापारी आमचा खवा परत घेऊन आला. आयोडीनचा थेंब टाकला तर निळा झाला म्हणे. "मालक, पीठ हाय ह्यात. बाजारात सांगावंच लागंल." सासऱ्यांपासूनचं नाव पणाला लागलं. व्यापाऱ्याला सोबत घेऊन, तोच गोळा तसाच उचलून आम्ही शैलाकडं कॉलेजात गेलो.

तिनं गोळा मधोमध कापला, काळ्या पेटीत ठेवला. जांभळ्यापासून डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडापर्यंत एकेक दिवा लावून एकेक फोटो काढला. दूध आणि पीठ उजेड वेगवेगळा परतवतात. सगळे फोटो एकत्र करून कॉम्प्युटर दुधाला निळा आणि पिठाला लाल रंग देणार होता. बटण दाबण्याआधी ती म्हणाली, "दादा, आतपर्यंत लाल आलं तर मी तसंच लिहून देणार."

"सख्ख्या भावाला?"

"व्हय."

मला तिचा असा संताप आला... पडद्यावर चित्र वरून खाली सावकाश उमटू लागलं, आणि पहिलीच ओळ लाल आली. ह्यांनी टेबल घट्ट धरलं. व्यापारी उठून उभा राहिला. "सगळं येऊ द्या," शैला म्हणाली. सगळं आलं तेव्हा गोळ्याचं पोट निळंशार होतं. लाल ठिपके फक्त कडेला, उभ्याआडव्या विणीत.

"वहिनी, खवा कशात बांधला होता?"

नव्या फडक्यात. मोठी ऑर्डर, म्हणून सासूबाईंनी त्याला पिठाची कडक खळ दिली होती.

"आईनं खव्याला परीटघडीचं नेसवलं की," म्हणून शैला हसली. व्यापाऱ्यानं मधल्या भागावर थेंब टाकून बघितला. निळा झाला नाही.

हे मात्र हसले नाहीत. तिच्या त्या 'व्हय'चा राग त्यांनी बरेच महिने धरला. तरी दर हप्त्याला एक गोळा तपासायला तिच्याकडं जायचाच.

शैला गेल्यानंतर, परवा नवं गिऱ्हाईक आलं. खव्याची खात्री काय, म्हणालं.

"माझी बहीण तपासती," हे म्हणाले. "भावाचंसुदिक ऐकत न्हाय ती..."

एवढं बोलून ते उलथनं हलवू लागले. गिऱ्हाईक समाधानानं मान हलवत होतं. मलाही त्याला काही सांगवलं नाही.