आखणी माझी, जयपूर तिचं

जव्हारला आमचं स्टेशनरीचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दुपारी तिथं कुणी फिरकत नाही. शाळा सुटेपर्यंत माशा मारत बसायचं. त्या वेळात मी जयपूर पाठ केलं.

फोनमध्ये एक ॲप होतं, शहरांच्या सहली आखून देणारं. शहर सांगायचं, दिवस सांगायचे, की सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या बाजारापर्यंत सगळं नकाशासकट पुढ्यात. पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्यानं विचारलं: तुम्हाला किती चालायला आवडेल? कमी, मध्यम, भरपूर. माझा डावा पाय लहानपणच्या पोलिओनं आखूड आहे. हा प्रश्न आजवर ज्यांनी ज्यांनी विचारला त्यांनी आधी पायाकडे पाहिलं आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. शाळेची सहल शिरपामाळच्या टेकडीवर गेली की मी खाली डब्यांपाशी. घरचे देवाला निघाले की मी घर राखायला. ॲपला कुठले डोळे? मी ‘कमी’वर बोट ठेवलं आणि त्यानं मुकाट्यानं अख्खं जयपूर माझ्या पायाच्या मापाचं करून दिलं.

जायचं होतं मी आणि ताईनं. ताई माझी सख्खी थोरली बहीण, मोखाड्याला दिलेली. कल्पना तिचीच. गणपतीत आली होती, मोदक वळता वळता म्हणाली, “आपण दोघीच जाऊ गं कुठंतरी. नवरे नकोत, पोरं नकोत. तू बघ, तुला फोनमधलं कळतं.” मला कुठंतरी ने, असं मी जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. ती आपणहून म्हणाली, म्हणून तर मी वेडी झाले.

मग काय, लोकांनी लिहिलेला एकेक अनुभव वाचून काढला. आमेरच्या किल्ल्यावर जीप वरपर्यंत जाते. हवामहलात वर चढायला पायऱ्यांपेक्षा उतारच जास्त. कुठं टेकायला बाक आहे, कुठल्या हॉटेलला लिफ्ट आहे, सगळं त्यात भरलं. ताईला पित्ताचा त्रास, जेवायला उशीर झाला की डोकं धरून बसते, म्हणून जेवणाच्या जागाही वेळेसकट घातल्या. तिला लाखेच्या बांगड्या हव्या होत्या, तर हवामहलाजवळची एक गल्लीही शोधून ठेवली. “बाई गं, तू तर गाईडच झालीस,” ती म्हणायची. मी फुशारून जायचे.

तिच्या फोनमध्येही ते ॲप मीच घालून दिलं. त्याला ईमेल लागतो. ताईचा ईमेल कुठला असायला? आमच्याकडे घरात एकाचा ईमेल असला की तो सगळ्या गोतावळ्याचा. भाच्याचं कॉलेज माझ्या ईमेलवर, नणंदेचा गॅस माझ्या ईमेलवर. तेव्हा ताईच्या फोनातही माझाच ईमेल आणि माझाच पासवर्ड टाकला. खातं एक, फोन दोन. यात काही वावगं आहे असं दोघींच्याही मनात आलं नाही.

तिकिटांचं ताई बघणार होती. थंडी पडायला लागली तशी ती ‘बघू, बघू’ करू लागली. मग एक दिवस तिचा फोन आला. “यंदा राहू दे गं. माझ्या जावेच्या माहेरी, नाशिकला, लग्न निघालंय. तिच्यासंगं मला जायलाच लागंल.” मला वाईट वाटलं, पण लग्नापुढे कुणाचं काय चालतं? उलट मीच बाजारात जाऊन आहेराची साडी घेतली आणि मोखाड्याच्या जीपवाल्याबरोबर तिला पाठवून दिली. मोरपिशी रंगाची, बारीक काठाची.

पुढच्याच आठवड्यात दुकानात कुणाच्या तरी आधार कार्डाची झेरॉक्स काढत होते, तर फोन वाजला. ‘तुमच्या सहलीत बदल झाला आहे. चालणे: भरपूर.’ मला वाटलं फोनला वेड लागलं. उघडून बघते तर आमेरची जीप गेली होती, तिथं पायी चढण आली होती. नाहरगडाची पायवाट नव्यानं घातलेली. मी मुद्दाम ठेवलेले विसाव्याचे थांबे सगळे पुसलेले. जेवणाच्या जागा तेवढ्या जशाच्या तशा. मी बघत असतानाच आणखी एक सूचना आली. ‘तुम्ही हवामहलला पोहोचलात! कसा वाटला? तारे द्या.’

मी जव्हारमध्ये स्टुलावर बसले होते.

आधी वाटलं, कुणी खातं हॅक केलं. पण ते खातं दुसऱ्या एकाच फोनात होतं. मी ताईला फोन लावला. विचारलं, “लग्न कसं चाललंय?”

“अगं, नुसती गडबड! हळद चाललीय आत्ता,” ती म्हणाली. तिच्या मागे कुणीतरी ओरडत होता, “दीदी, कठपुतली ले लो, कठपुतली!”

“बरं, ठेवते,” म्हणाले. माझी जीभ काही मवाळ नाही. गल्लीत नळावरून भांडण झालं की लोक मला पुढे करतात. पण त्या वेळी मी फोन बाजूला ठेवला आणि आधार कार्डाची झेरॉक्स पुरी केली. रडू येईना. नुसता संताप, आणि तो कुठं ठेवावा ते कळेना.

पुढचे सगळे दिवस ॲप मला मी कुठं आहे ते सांगत राहिलं. पासवर्ड बदलला असता तर दोघी जावाजावा परक्या शहरात नकाशाशिवाय उभ्या राहिल्या असत्या. दोन-तीनदा बोट तिथपर्यंत नेलं. पण ताईच्या जेवणाच्या वेळा त्यातच होत्या. नाही बदलला. त्याचा राग मला अजून येतो.

परत आल्यावर ती जव्हारला आली, हातात लाडवांचा डबा. “लग्नातले,” म्हणाली. वर बांगड्या पुढे केल्या. “नाशिकच्या बाजारातनं घेतल्या तुझ्यासाठी.”

मी म्हटलं, “लाखेच्या आहेत. हवामहलाजवळच्या गल्लीतल्या. ती गल्ली तुला मीच सांगितली होती.”

तिचं तोंड उतरलं. पण तिचा पहिला प्रश्न काय असावा? “तुला कुणी सांगितलं?” मी म्हटलं, तुझ्याच फोननं. मग म्हणाली, जावेला पायी हिंडायची हौस. मग म्हणाली, “तुलाच तरास झाला असता गं. आम्ही चढायचं आणि तू खाली बसून राहायचं, ते मला बघवलं नसतं. आणि तुझं काय, फोनात सगळं बघून झालंच होतं की.”

जावेचं मला काही वाटलं नाही, तिचं माझं नातं ते केवढंसं. पण माझ्या सख्ख्या बहिणीनं मला फसवलं, आणि मीच तयार केलेलं सगळं घेऊन फसवलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो माहेरचाच निघाला. वर मला बघवलं नसतं म्हणे! त्या आखणीत खाली बसून राहण्याची एकही जागा नव्हती. तेवढ्यासाठीच तर मी इतके दिवस खपले होते. हे सगळं मी तिला तोंडावर म्हणाले. ती रडली. मी बांगड्या परत दिल्या, लाडू दुकान झाडायला येणाऱ्या बाईला दिले.

मग आम्ही पुन्हा बोलायला लागलो. बहिणी आहोत, किती दिवस अबोला धरणार? मला वाटत होतं, तिला कळलंय.

उन्हाळ्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग लाडात येऊन म्हणाली, “अगं, हैदराबादचं जरा बघून ठेव ना ॲपवर. तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही बघ.”

मी विचारलं, “मी येणार आहे का?”

पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, मोखाड्याचं नेटवर्क गेलं. मी ‘हॅलो, हॅलो’ केलं. तेवढ्यात तिच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी मला अगदी स्पष्ट ऐकू आली.